घरचे दप्तर सर्वांस खुले
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त करजगी येथे भरलेल्या कुटुंबमेळाव्यातील भाषण)



आजच्या मेळाव्यात मी काही बोलावे असे चिटणिसांनी सुचविले, तेव्हा विषय कोणता घेऊ, असे मी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे आणि जुने कागद आम्ही घरोघर मागत आहो. प्रत्येक घरी एकच उत्तर मिळते. आहेत, पण ते थोरल्याच्या कॉम्प्युटरात आहेत, आणि थोरला पुण्यास आहे. यावरच काही बोला." चिटणिसांनी हे थट्टेने म्हटले असेल; परंतु मला ते मनाला लागले. कारण त्या उत्तराची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. म्हणून एका घरातील निरनिराळ्या कॉम्प्युटरांनी आपापल्या फायली एकमेकांस कशा दाखवाव्या, हा विषय मी घेतला आहे.

मी इंजिनियर नाही. माझा जन्म खडू आणि फळा यांत गेला. जे पुतण्याकडून शिकलो आणि स्वतः चुकत चुकत करून पाहिले, तेवढेच सांगणार आहे. नव्या पिढीस यात नवे वाटणार नाही. त्यांनी मजकडे न पाहता आपल्या आईवडिलांकडे पाहावे आणि घरी गेल्यावर त्यांना मदत करावी.

प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतो. अफझलपूर तालुक्यातील जुन्या घरांत पत्र्याच्या पेट्या असतात, तशी आमचीही एक होती. आपला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. कचेरीची भाषा उर्दू, घरचा हिशेब मोडीत, शेजाऱ्याशी बोलणे कानडीत आणि देवापुढचे मराठीत, असे आपल्या आज्यापणज्यांचे आयुष्य गेले. त्यामुळे पेटीतील कागद एका माणसाला सगळे वाचता येतील असे नव्हतेच. शेतसाऱ्याच्या पावत्यांवर फसली सन. त्यात ५९० मिळविले की इसवी सनाच्या आसपास येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांना मोडी येत होती आणि कचेरीची उर्दूही वाचता येत होती. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी ती पेटी उघडली. एकेक कागद स्कॅन करावा, त्याचे वाचन बाळबोधीत टाइप करावे, आणि खाली स्वतःची टीप लिहावी: हा बांध कोणत्या शेताचा, ही साक्षीदाराची सही कोणाच्या पणजोबांची. दोन वर्षे हे काम त्यांच्या खोलीत चालले होते. त्याच घरात, एका भिंतीपलीकडे, माझा लॅपटॉप होता. माडीवर पुतण्याचा होता. तिन्ही यंत्रे एकाच राऊटरवर चालत होती. आणि तरीही अण्णांच्या कॉम्प्युटरातील एक कागद मला पाहावयाचा झाला, तर ते पेनड्राइव्हवर घालून देत. सोलापूरच्या अक्काला मोबाइलवरून पाठवीत. मला अनेकदा वाटे, की सगळेच एकदा पाहून घ्यावे. पण "होईल सावकाश" असे म्हणून मीच ते पुढे ढकलीत गेलो.

अण्णा एका पावसाळ्यात गेले. दिवस झाल्यावर आम्ही त्यांचा कॉम्प्युटर चालू केला, तो चालला नाही. हार्ड डिस्क टकटक आवाज करी आणि थांबे. सोलापुरास नेली. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी दोन दिवस खटपट केली आणि प्रामाणिकपणे हात टेकले. त्या पेटीतील मूळ कागद आजही आमच्या घरी आहेत. परंतु अण्णांनी केलेले वाचन गेले. अक्काच्या मोबाइलमध्ये अकरा पाने सापडली, तेवढीच उरली. कागद आहेत, ते वाचणारा माणूस गेला, आणि त्याने वाचून ठेवलेलेही त्याच्याबरोबर गेले. मंडळी, हे नुकसान चोरीने झाले नाही की आगीने झाले नाही. ते एका भिंतीमुळे झाले, आणि ती भिंत ओलांडण्यास अर्ध्या तासाचेही काम नव्हते.

आता ते काम काय, हे सांगतो.

पुष्कळांचा असा समज आहे, की एका कॉम्प्युटरातून दुसऱ्यात काही न्यावयाचे म्हणजे इंटरनेट पाहिजे. तो खरा नाही. घरातील राऊटर दोन कामे करतो. एक, बाहेरच्या जगाशी घराला जोडणे. दुसरे, घरातील यंत्रांना आपापसांत जोडणे. वाड्याला एक वेस असते आणि आत चौक असतो. वेशीचा दरवाजा बंद झाला म्हणून चौकात एकमेकांशी बोलणे थांबते काय? त्याचप्रमाणे इंटरनेट बंद पडले, पॅक संपला, तार तुटली, तरी राऊटरला वीज असेपर्यंत घरातील एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात फाइल जाऊ शकते. त्यात इंटरनेटचा डेटा मुळीच खर्च होत नाही. आपल्या खेड्यांत जेथे जाळे वारंवार जाते, तेथे ही गोष्ट फार उपयोगाची आहे.

या चौकात प्रत्येक यंत्राला राऊटर एक क्रमांक देतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. हे क्रमांक खासगी जाळ्यांच्या वापरासाठीच जगभर राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरी जो क्रमांक आहे तोच माझ्या घरीही असू शकतो, आणि तरी गोंधळ होत नाही, कारण तो घराबाहेर चालतच नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात एक अण्णा असतो, पण हाक मारली की ज्या त्या घरचाच अण्णा ओ देतो, तसे हे आहे. हा क्रमांक राऊटर अधूनमधून बदलतो. म्हणून ज्या यंत्रात दप्तर ठेवावयाचे, त्याचा क्रमांक राऊटरमध्ये कायम करून घ्यावा, म्हणजे आज सापडलेली वाट उद्या हरवत नाही.

यंत्रे जोडली गेली, तरी त्यांना एक समान भाषा पाहिजे. ही भाषा गेल्या शतकात १९८० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. तिचे नाव एसएमबी. मायक्रोसॉफ्टने ती पुढे विंडोजमध्ये वाढविली. दुसऱ्या जातीच्या पुष्कळ कॉम्प्युटरांना ती येत नसे. तेव्हा ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने, १९९१-९२ च्या सुमारास, या भाषेतील संभाषण बाहेरून ऐकून ऐकून आपला स्वतंत्र प्रोग्राम लिहिला आणि तो जगाला फुकट दिला. नाव काय ठेवावे असा प्रश्न पडला, तेव्हा त्याने एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेला शब्द कॉम्प्युटरच्या शब्दसंग्रहात शोधला आणि 'सांबा' हे नाव निघाले. आज बाजारात मिळणाऱ्या घरगुती साठवणुकीच्या पुष्कळ पेट्यांत हाच सांबा काम करीत असतो. एका विद्यार्थ्याने केलेले दान किती घरांना पोहोचले, हे धर्मादाय संस्थेच्या मेळाव्यात सांगण्यासारखे आहे.

आज विंडोज, ॲपलचा मॅक आणि लिनक्स, तिघांनाही ही भाषा येते. आयफोनमधील फाइल्स या ॲपला ती २०१९ पासून येते, आणि ॲन्ड्रॉइड फोनसाठीही ती जाणणारी ॲप मिळतात. म्हणजे अडचण यंत्रांची राहिलेली नाही.

आता प्रत्यक्ष कृती. विंडोज घेऊन सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांकडे तेच आहे.

पहिली गोष्ट, सर्व यंत्रे एकाच राऊटरच्या एकाच जाळ्यावर असावी. काही राऊटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे असते. त्यावर जोडलेल्याला इंटरनेट मिळते, पण घरातील यंत्रे दिसत नाहीत. ते बरोबरच आहे. परंतु घरचाच लॅपटॉप चुकून त्यावर राहिला, तर तास तास शोधूनही कारण सापडत नाही. मी स्वतः त्यात एक दुपार घालविली आहे.

दुसरी गोष्ट, विंडोजला सांगावे लागते की हे जाळे माझ्या घरचे आहे. सेटिंगमध्ये जाळ्याचा प्रकार 'पब्लिक' असेल तर ते 'प्रायव्हेट' करावे, आणि फाइल शेअरिंग चालू करावे. पब्लिक म्हणजे स्टेशन, बसस्थानक, खानावळ. तेथे यंत्र आपले दार लावून बसते, आणि तसेच बसावे. म्हणून लॅपटॉप घेऊन बाहेरगावी गेलात तर तेथील जाळ्याला प्रायव्हेट म्हणू नका.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. सगळी डिस्क उघडी करू नका. एक नवे फोल्डर करा, त्याला 'घरचे दप्तर' असे नाव द्या, आणि तेवढेच शेअर करा. फोल्डरवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज, त्यात शेअरिंग. तेथे कोणास द्यावयाचे ते लिहावे. पाहुणा आला म्हणून आपण सोप्यात जाजम अंथरतो, कोठीची किल्ली हातात देत नाही. सुनेची पत्रे, मुलीचा अभ्यास, कोणाच्या आजाराचे कागद हे ज्याचे त्याच्याकडेच राहावे. एकत्र कुटुंबातही प्रत्येकाला स्वतःचा एक कोनाडा असतो, आणि तो असला म्हणजेच एकत्र कुटुंब टिकते.

चौथी गोष्ट, परवानगी. केवळ वाचण्याची परवानगी वेगळी आणि बदलण्याची वेगळी. विंडोजमध्ये या परवानग्या दोन ठिकाणी असतात: एक जाळ्यावरून येणाऱ्यासाठी, दुसरी त्या फोल्डरचीच. दोन्हींपैकी जी अधिक कडक ती चालते. वेशीवरच्याने सोडले, पण कोठीला कुलूप आहे, तर धान्य मिळत नाही. म्हणून "शेअर केले तरी उघडत नाही" असे झाले, की दुसऱ्या कुलपाकडे पाहावे. माझा सल्ला असा, की जुने कागद व छायाचित्रे यांवर सर्वांना फक्त वाचण्याची परवानगी द्यावी आणि बदलण्याची एकदोघांनाच. नातवंडांच्या हातून आजोबांचे छायाचित्र पुसले जाऊ नये, एवढ्यासाठी.

पाचवी गोष्ट पासवर्ड. पुष्कळ लोक येथे अडतात. कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकड्यांचा पिन दाबतो. तो पिन त्याच यंत्रापुरता असतो. दुसऱ्या यंत्रावरून आत येताना तो चालत नाही. तेथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो आपण केव्हाच विसरलेले असतो. यावर सोपा उपाय म्हणजे दप्तराच्या यंत्रावर 'घर' नावाचे एक साधे वेगळे खाते करावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा, आणि दप्तरात येण्यासाठी घरातील सर्वांनी तेच वापरावे. पासवर्डच नको, दार उघडेच ठेवू, असे काही जण म्हणतात. पूर्वी ते चालत असे. पण नव्या विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्या अशा बिनपासवर्डाच्या दाराला आपण होऊन जात नाहीत, आणि ते आपल्या हिताचे आहे. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेली 'होमग्रुप' नावाची सोपी सोय काहींना आठवत असेल. ती विंडोज १० मधून २०१८ मध्ये काढून टाकली. ती शोधण्यात वेळ घालवू नये.

आता दुसऱ्या यंत्राकडे या. फोल्डर उघडल्यावर वरच्या पट्टीत डावीकडे कलत्या दोन उलट्या रेघा काढून त्यापुढे दप्तराच्या यंत्राचे नाव किंवा त्याचा क्रमांक, इंग्रजी आकड्यांत, लिहावा आणि एंटर दाबावे. खाते व पासवर्ड विचारील, तो द्यावा. समोर 'घरचे दप्तर' दिसेल. 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' असा एक पर्याय आहे. तो वापरला म्हणजे ते फोल्डर रोज आपल्याच कॉम्प्युटरातील एका कप्प्यासारखे दिसत राहते. नाव लिहून न उघडले तर क्रमांक लिहून पाहावा. क्रमांकाने उघडले आणि नावाने नाही, तर दोष फायलीचा नसून हाक मारण्याचा आहे, एवढे समजावे.

वेगाविषयी एक हिशेब सांगतो, कारण तो मी वर्गात मुलांकडून करवून घेत असे. जाळ्याचा वेग बिटांत सांगतात आणि फायलीचा आकार बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटचे जाळे सेकंदास साडेबारा मेगाबाइटच नेते. ५० गिगाबाइटची छायाचित्रे त्यावरून नेण्यास चार हजार सेकंद, म्हणजे तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. गिगाबिटच्या तारेने तेच काम सात मिनिटांच्या आत होते. प्रत्यक्षात याहून थोडा वेळ जास्तच लागतो, आणि वाय-फाय जाड मातीच्या भिंतीपलीकडे गेले की वेग फारच उतरतो. आपल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड. तेव्हा पहिल्यांदा मोठा साठा न्यावयाचा असेल तर तार जोडून न्यावा. नंतर रोजची देवघेव वाय-फायवर सुखाने चालते.

एक अडचण राहते. दप्तराचे यंत्र झोपले, तर दप्तरही झोपते. ज्या घरात कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवणे परवडत नाही, त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. काही राऊटरांना मागे यूएसबीचे भोक असते. त्यात डिस्क लावून तीच सर्वांना दाखविता येते. ही वाट स्वस्त, पण संथ. दुसरी, एनएएस नावाची छोटी पेटी मिळते, तिचे कामच दप्तर सांभाळण्याचे. ज्या घरात व्यवसाय आहे, किंवा आपल्या संस्थेसारखे कार्यालय आहे, तेथे ती घ्यावी. इतरांनी आहे त्या कॉम्प्युटरवर काम सुरू करावे. साधन मोठे आणीपर्यंत थांबणे म्हणजे आमच्या "होईल सावकाश" सारखेच आहे.

येथे सावधगिरीचा शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा एक उपद्रव जगभर पसरला. त्याने याच एसएमबी भाषेच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतील दोषातून शिरून सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरांतील फायली कुलुपात घातल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आणि सांगण्याची गोष्ट ही, की त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली ते वाचले. जे 'अपडेट नंतर करू' म्हणाले ते सापडले. यावरून तीन नियम. पहिला, अपडेट टाळू नये. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे, हे ज्यांचे कॉम्प्युटर जुने आहेत त्यांनी ध्यानात घ्यावे. दुसरा, एखादी जुनी पेटी चालावी म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नये. तिसरा, हे दप्तर घराबाहेरून थेट दिसावे म्हणून राऊटरमध्ये कोणतेही दार उघडू नये. दप्तर चौकातले आहे. ते वेशीबाहेर मांडावयाचे नाही.

पेनड्राइव्हविषयीही दोन शब्द. तो वाईट नाही. परंतु तो आपल्या घरातून झेरॉक्सच्या दुकानात, तेथून शाळेत आणि तेथून परत आपल्या घरात येतो, आणि वाटेत काय काय घेऊन येतो ते आपल्याला कळत नाही. दुसरे असे, की पेनड्राइव्हने एकाच कागदाच्या पाच प्रती होतात. आमच्या घरी वंशावळीची फाइल 'नवी', 'नवी दोन', 'शेवटची' आणि 'खरी शेवटची' अशा चार नावांनी फिरत होती, आणि चुलत आजोबांचे नाव फक्त 'नवी दोन' मध्ये होते. दप्तर एकच असले म्हणजे हा घोळ मिटतो. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल उघडली, तर पुष्कळ प्रोग्राम दुसऱ्याला सांगतात की ही सध्या दुसऱ्याच्या हाती आहे, तू फक्त वाच. तसे सांगितल्यास ऐकावे. नवी प्रत काढून त्यात लिहीत बसू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो सांगितल्याशिवाय माझे भाषण अपुरे राहील, किंबहुना अपायकारक होईल. दप्तर सर्वांस खुले केले म्हणजे ते सुरक्षित झाले, असे नाही. अण्णांचे फोल्डर आम्हां सर्वांना दिसत असते आणि फायली मात्र त्यांच्याच डिस्कवर असत्या, तर डिस्क बंद पडल्याबरोबर ते आम्हां सर्वांना एकदमच दिसेनासे झाले असते. दाखविणे आणि राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. परंतु पहिल्यामुळे दुसरे सोपे होते. फोल्डर दिसत असल्यास माझ्या लॅपटॉपला रोज रात्री त्याची प्रत घेण्यास सांगता येते. विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' आणि मॅकमधील 'टाइम मशीन' यांना जाळ्यावरील जागी प्रत ठेवता येते. जाणकार लोक असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर.

घराबाहेर का, हे भीमेकाठच्या माणसाला सांगावे लागू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला जो पूर आला, त्यात आपल्या तालुक्यातील किती घरांत पाणी शिरले, ते आपण पाहिले आहे. पत्र्याची पेटी, कॉम्प्युटर आणि त्याशेजारी ठेवलेली दुसरी डिस्क ही तिन्ही एकाच पाण्यात जातात. म्हणून एक प्रत सोलापूरच्या लेकीकडे, हैदराबादच्या भावाकडे किंवा पुण्याच्या मुलाकडे असावी. दिवाळीला ती मंडळी येतात, तेव्हा डिस्क बदलून न्यावी. फराळाचे डबे नेतात, त्यांत एवढीशी डिस्क जड होत नाही.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. छायाचित्रांची हौस हे कारण आहेच. पण आपल्या भागात कागदाचे महत्त्व त्याहून मोठे आहे. घटनेच्या ९८व्या दुरुस्तीने ३७१-जे हे कलम आले, आणि आपल्या भागातील मुलामुलींना शिक्षणात व नोकरीत जागा राखल्या गेल्या. त्यासाठी आपण येथलेच आहो, हे दाखवावे लागते. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, वडिलांचा रहिवास, हे कागद ऐन वेळी सापडत नाहीत आणि मूल रडकुंडीस येते. आपल्या संस्थेकडे शिष्यवृत्तीचे अर्ज येतात, त्यांतही हेच दिसते. गुण असतात, गरज असते, पण एक कागद नसतो. तो कागद घरात असतो. फक्त ज्याला ठाऊक आहे तो परगावी असतो.

आणखी एक गोष्ट, स्त्रीवर्गासाठी विशेषेकरून. पुष्कळ घरांत विम्याचा कागद कोठे, बँकेत काय, शेताचा उतारा कोणत्या नावावर, हे एकट्या पुरुषाला ठाऊक असते आणि आता ते त्याच्या कॉम्प्युटरात असते. तो अचानक गेला, की घरातील बाई दुःखाबरोबर अंधारातही पडते. अण्णांच्या मागे आमच्या वहिनींना जे सोसावे लागले ते मी पाहिले आहे. म्हणून दप्तरात काय काय आहे याची एक यादी, आणि ते उघडण्याचा पासवर्ड, कागदावर शाईने लिहून घरातील कर्त्या स्त्रीपाशी ठेवावा. यंत्रयुगातही हा एक कागद देवघरातल्या फडताळात असू द्या.

शेवटी विश्वस्त मंडळींना माझी एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाची खूण म्हणून आपण एखादी वास्तू उभारालच. त्याबरोबर एक स्वस्त काम करावे. महिन्यातील एका रविवारी आपल्या संस्थेतील जाणत्या मुलामुलींनी दोन घरी जावे, तेथे 'घरचे दप्तर' उघडून द्यावे, आणि त्या घरातील वृद्धांजवळ बसून निदान दहा छायाचित्रांखाली नावे लिहून घ्यावी. कोण उभे, कोण बसलेले, कोणाचे लग्न, कोणते साल. यंत्र छायाचित्र सांभाळील. परंतु त्यातील माणसाचे नाव सांगणारा माणूस यंत्राबाहेर आहे आणि त्याचे वय झालेले आहे. मोडी वाचणारा कोणी आपल्या घरी उरला असेल, तर त्याच्याकडे तर पहिल्या रविवारीच जावे.

जमिनीची वाटणी केली की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो, याचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. घरच्या दप्तरातील कागद मात्र चौघांना दिला तरी प्रत्येकाकडे पुराच राहतो. वडिलोपार्जित मालमत्तेत असा हा एकच वाटा आहे की जो देताना भावाभावांत तंटा होण्याचे कारण नाही. तो तरी आपण देऊन टाकावा.

अण्णांची अकरा पाने मी आज या संस्थेच्या संग्रहासाठी आणली आहेत. त्यांच्या प्रती आमच्या घरातील तिन्ही यंत्रांत आहेत आणि एक अक्काकडे सोलापुरास आहे. पुढची पाने वाचण्यासाठी माझा पुतण्या मोडी शिकू लागला आहे. तो रोज एक ओळ वाचतो, आणि ती त्याच संध्याकाळी आम्हां सर्वांना दिसते.